चौचौची ऑक्टोबर छाटणी

परसात काय लावू, टमाटा की चौचौ, असं आमच्या गल्लीतलं कोणी विचारायला आलं की मी उलटं विचारते, बाई, तुला कुठे जायचंय का? ती हसते. तिला वाटतं मी थट्टा करतेय. मी थट्टा करत नाही. टमाट्याला रोज माणूस लागतो. रोप जीव धरतंय तोवर बांबू रोवा, मग तार ओढा, मग सुतळीने बांधा, बगलेतली फूट खुडा, करपा आला की फवारा, आणि फळ लाल झालं की त्याच दिवशी तोडा, नाहीतर पाखरं आहेतच. चार महिने तुम्ही त्याचे गडी. पण चार महिन्यांनी उपटून टाकलं की सुटलात. चौचौचं तसं नाही. एकदा मांडवावर चढला की त्याला कोणी लागत नाही. पाणी दिलं तर दिलं. फक्त तो संपत नाही, वर्षानुवर्षं आपला असतोच.

चौचौ म्हणजे काय हे आमच्याकडे अजून पुष्कळांना माहीत नाही. मोठ्या पेरूएवढं हिरवं फळ असतं, खाली बोळक्या तोंडासारखी चीर. भाजी दुधीसारखी लागते, थोडी करकरीत. मलाही माहीत नव्हतं. आमच्या भिंतीला भिंत लागून एक कानडी वहिनी राहायच्या, त्यांचे यजमान नाशकाच्या अंबडला कारखान्यात होते. त्यांनी गावाहून आणलेलं एक फळ फडताळात राहिलं आणि त्यातूनच कोंब फुटला. ते त्यांनी माझ्या हातात ठेवलं. म्हणाल्या, "बी काढायचं नाही हं. अख्खं पुरायचं, आडवं, कोंब वर." मी अठ्ठावीस वर्षांची होते, नव्वदचं दशक संपत आलं होतं, आणि मी नवरा सोडून माहेरी आले होते.

नामपूरला दिलं होतं मला. कांद्याचा व्यापार, मोठं घर. तिथलं काही सांगत बसत नाही. दोन वर्षांनी एक पिशवी घेऊन मी एसटीत बसले, एवढं पुरे.

माहेर म्हणजे अंबडच्या कारखान्यांच्या अलीकडच्या वसाहतीतल्या दोन खोल्या आणि मागे वीस बाय दहाची मोकळी जागा. भाऊ अंबडला होता तेव्हा त्याने घेतलेलं घर. तो पुढे बायकोमुलांना घेऊन गुजरातेत गेला. आई आधीच गेलेली. राहिले अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि त्यांच्यात मी येऊन पडले.

अण्णा निफाडकडचे. स्वतःचं रान नव्हतं, पण द्राक्षाच्या छाटणीत त्यांच्या टोळीला बोलावणं असायचं. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी. ऑक्टोबरला काडी कापली की नवी फूट येते आणि त्या फुटीवर घड. पण कुठे कापायची, काडीवरचे किती डोळे, म्हणजे फूट यायच्या गाठी, ठेवायच्या, हे ज्याला कळतं तो छाटणीवाला. अण्णा काडीवर अंगठा फिरवून सांगायचे की या डोळ्यात घड आहे, यात नाही, यात नुसता पाला येईल. बागाईतदार मोटरसायकलवर बसवून न्यायचे त्यांना, नुसतं काडी बघायला. मग गुडघे गेले. शिडीवर चढायला जमेना असं बागाईतदारांना वाटलं, त्यांना स्वतःला वाटलं नव्हतं. बोलावणी थांबली. तेव्हापासून ते या दोन खोल्यांत होते आणि दिवसभर घड्याळाकडे बघून बोलायचे.

मी आल्यावर त्यांना काम मिळालं, मला सुधारण्याचं.

"तू कोणची गोष्ट शेवटाला नेलीस ते सांग," हे त्यांचं पालुपद. शिवणाचा क्लास अर्धवट. टायपिंग अर्धवट. संसार अर्धवट. बीए पुरं केलं होतं, ते त्यांच्या हिशेबात धरायचं नव्हतं. हे सगळं ते रागावून म्हणायचे नाहीत, चहात बिस्कीट बुडवत म्हणायचे, त्यामुळे भांडायलाही काही सापडायचं नाही. मी तोंडाची फटकळ. पण अण्णांपुढे माझं तोंड नुसतं तापायचं, चालायचं नाही.

जून संपता संपता कॉलेजातल्या माझ्या एका बाईंचा निरोप आला. हरसूलकडच्या एका आश्रमशाळेशी त्यांचा संबंध होता. मुलींच्या वसतिगृहावर अधीक्षिका हवी होती. राहायला खोली, साठ मुली, पगार. बाईंनी साफ सांगितलं होतं, की पावसाळ्यात तिथे चार महिने कपडे वाळत नाहीत आणि बाई टिकत नाही; दिवाळीला घरी जाते ती परत येत नाही. म्हणजे दिवाळीनंतर जागा रिकामी असणार. तू विचार कर, तोवर थांबते.

मी विचार काय करणार? मी त्याच रात्री मनात खोली लावूनसुद्धा टाकली. खिडकी कुठे असेल, खिडकीत पाण्याचा माठ ठेवायचा का, इथपर्यंत.

सकाळी अण्णांना सांगितलं. ते मागे टमाट्याच्या वाफ्यात बसले होते. मी शेजारी चौचौ पुरला होता, त्याचा कोंब वीतभर वर आला होता. त्यांनी आधी कोंबाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"जा की," म्हणाले. "मी नाय कुठं म्हणतो? पण एक कर. हा वेल शेवटाला ने. ह्याला फळ लागू दे. ज्या दिवशी ह्याचं फळ ताटात येईल त्या दिवशी मी सोता तुला हरसूलच्या गाडीत बसवून देईन. नायतर लोक म्हणतील, ही तिथूनबी पळून येईल."

लोक कोण म्हणणार होते देव जाणे. गल्लीत आम्हाला ओळखणारी चार घरं. पण घाव वर्मी लागला. मी म्हटलं, ठरलं.

आता कोणी म्हणेल, अठ्ठावीस वर्षांची बाई, बीए झालेली, वडिलांची सही लागते का नोकरीला? नाही लागत. मला कोणी कोंडलं नव्हतं. दाराला आतून कडी होती आणि ती मीच लावायचे. पण एकदा घर सोडून आलेल्या बाईला दुसऱ्यांदा सोडून जाता येत नाही, ते पाय उचलत नाहीत. मला त्यांच्या तोंडून 'जा' हवं होतं. मनापासूनचं, बिस्कीट न बुडवता म्हटलेलं.

त्या वर्षी आमची शर्यतच लागली. ते टमाट्यावर, मी चौचौवर. त्यांनी द्राक्षाच्या बागेसारखा लोखंडी अँगल रोवून, तारा ओढून मला मांडव करून दिला, तोही इतका नीट, की गल्लीतले लोक बघायला आले. ऑगस्टच्या शेवटी त्यांनी टमाट्याचा पहिला तोडा माझ्यापुढे ताटात ठेवला आणि मिशीत हसले. "तुझं काय झालं?" माझं काय होणार? माझा वेल मांडव भरून शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीवर चढला होता. पानं हाताएवढी. फळ म्हणाल तर भोपळा. मला विचारायलाही कोणी नव्हतं, कारण कानडी वहिनींच्या यजमानांची श्रावणातच हुबळीकडे बदली झाली होती. कृषी सेवा केंद्रातल्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, हे काय असतं?"

सप्टेंबरात अण्णा म्हणाले, "ह्याचं पाणी तोड. ताण बसू दे. नुसता माजलाय. दसरा झाला की गोडी छाटणी करू, मग बघ कसा फळतो." मला ते पटलं. सगळ्या नाशकाला पटलं असतं. इथे वेल म्हटलं की द्राक्षवेल, आणि ऑक्टोबरात कापल्याशिवाय वेल फळत नाही हे इथल्या पोरासोरांना ठाऊक. उलट मीच मागे लागले, अण्णा, छाटणी कधी करायची, करा ना लवकर.

खंडेनवमीला त्यांनी कात्रीची पूजा केली. छाटणीची ती कात्री त्यांनी तेल घालून, फडक्यात गुंडाळून इतकी वर्षं जपली होती. झेंडूचं फूल वाहिलं, हळदकुंकू लावलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बांबूची शिडी मांडवाला लावली आणि मला म्हणाले, "धर." मी खालून शिडी धरली. त्यांचे गुडघे थरथरत होते, पण कात्री हातात आली आणि माणूस पंधरा वर्षांनी तरणा झाला. एक शेंडा त्यांनी बोटांत धरून उलटासुलटा केला, बराच वेळ. मग म्हणाले, "खाली बघ, डोळ्यात कचरा जाईल." मी खाली बघितलं. कापलेला सगळा पाला त्यांनी स्वतः गोणीत भरला आणि स्वतः गल्लीच्या टोकाला उकिरड्यावर नेऊन टाकला. मी म्हटलं, द्या मी नेते. "तू चहा टाक," म्हणाले. मला भरून आलं. वाटलं, बघा, पोरीसाठी एवढ्या गुडघ्यांनी गोणी उचलतायत.

वेल फळला नाही. डिसेंबरच्या थंडीत आखडून बसला. बाईंचा निरोप आला, मी कळवलं, यंदा नाही जमत. त्यांनी दुसरी कोणी पाठवली. ती पुढच्या दिवाळीला पळाली.

दुसऱ्या वर्षी तेच. टमाटे ऑगस्टात ताटात. मी वेलावर द्राक्षाच्या मण्यांवर मारतात ते औषधसुद्धा फवारलं, म्हटलं लागला गुण तर लागला. वेल आणखी वाढला. गोडी छाटणी. "खाली बघ." गोणी. चहा. बाईंना नकार. आता वसाहत अंगावर यायला लागली होती मला. पहाटे कारखान्याचा भोंगा झाला की मी जागी व्हायचे आणि पडल्या पडल्या मोजायचे की आता दूध, मग अण्णांचं गरम पाणी, मग टमाट्यांना पाणी, मग भाकरी, आणि मग परत भोंगा. तेवढ्याच जागेत फिरून फिरून माझी चप्पलसुद्धा एका बाजूने झिजली होती.

तिसऱ्या वर्षी गणपतीत कानडी वहिनी आल्या. गल्लीतल्या कोणाच्या तरी मुलीचा साखरपुडा होता. मागच्या दाराने आल्या आणि मांडव बघून थबकल्या.

"अगंबाई, केवढा झालाय. किती फळं निघतात? वाटता की विकता?"

"एकही नाही," मी म्हटलं. "तिसरं वर्ष चाललंय, एक नाही."

"असं कसं? काय करता तुम्ही त्याला?"

"काय करणार? पाणी देतो, खत देतो, ऑक्टोबरला छाटतो."

वहिनींनी चहाचा कप खाली ठेवला. "ऑक्टोबरला? अहो, दिवस लहान व्हायला लागले की तेव्हाच तर फुलतो तो. दसऱ्याच्या सुमाराला फुलं, दिवाळीनंतर फळं. तुम्ही फुलंच कापून टाकता की हो."

मला आधी हसू आलं.  दोन वर्षं. मीच मागे लागत होते, छाटा म्हणून.

आणि मग मला अण्णांची कीव आली, हे मुद्दाम सांगते. त्या सबंध महिन्यात मला माझी नोकरी कमी आणि अण्णाच जास्त दिसत होते. आयुष्यभर छाटणी केलेला माणूस. आता त्याला त्याच्या पोरीने सांगायचं, की अण्णा, तुम्हाला छाटणी कळत नाही. त्यांच्याजवळ दुसरं काय उरलं होतं? सांगावं तर ते मोडून पडतील, न सांगावं तर मी इथे कुजेन. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगते. रोज भाकऱ्या होईस्तोवर धीर जायचा. नवमीच्या आदल्या दिवशी अण्णा दाढीला गेले तेव्हा मी शिडी लावून मांडवावर डोकं काढलं. पानांच्या बेचक्यांत हिरवट-पिवळी फुलं होती, मोहरीच्या दाण्याहून जरा मोठी. खालून कधी दिसलीच नसती. एकेका फुलामागे केसाळ, हरभऱ्याएवढं फळ. मी मोजायला लागले आणि सत्तावीसला डोळे भरून आले, पुढचं मोजता येईना.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कात्री निघाली. हळदकुंकू लावलेली कात्री. शिडी मांडवाला लागली. "धर."

मी धरली. ते वर चढले. पहिला शेंडा हातात घेतला, आणि मी खाली बघितलं नाही, वर बघितलं. शब्द मी आधीच जुळवून ठेवले होते, त्यांना लागणार नाहीत असे.

"अण्णा, जरा थांबा. तुमच्या हातात आहेत ना, ती बारीक बारीक, ती फुलं आहेत. चौचौ आत्ताच फुलतो. वहिनी सांगत होत्या. आपली चूक नाही, आपल्याकडे कोणाला माहीत असणार?"

कात्री थांबली. अण्णांनी खाली बघितलं नाही. हातातल्या शेंड्यावर अंगठा फिरवला, काडी बघताना फिरवायचे तसा.

"म्हाईतीये मला," म्हणाले.

मला समजायला वेळ लागला. मूर्खच मी. काडीच्या डोळ्यातला न दिसणारा घड ज्याच्या अंगठ्याला कळतो, त्याला समोरचं फूल दिसणार नाही? 'खाली बघ' का म्हणायचे, गोणी मला का उचलू द्यायचे नाहीत, सगळं एकदम लक्षात आलं, आणि अंग असं तापलं की शिडीचा बांबू गार वाटायला लागला.

"पहिल्या वर्षीपासून?"

"हां."

"मग का अण्णा?"

 शेजारी कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मग ते म्हणाले, तसेच वर बघत, "टमाटे एकट्यासाठी कोण लावतं?"

आणि कात्री मिटली. शेंडा माझ्या खांद्यावर पडला.

मी शिडीवरचे हात काढले. हे खरं आहे, काढले. एक पाऊल मागे झाले. शिडी किंचित सरकली आणि अण्णांचा गुडघा लटपटला. ते ओरडले नाहीत. मांडवाची तार धरून नुसते म्हणाले, "शिडी धर गं. पडलो तर तुलाच उचलावं लागंल."

मी शिडी धरली. ते सगळा वेल छाटून खाली उतरेपर्यंत धरली.

त्या दिवशी गोणी मी नेली. उकिरड्यावर ती उलटी केली आणि तिथेच उभी राहून रडले, डुकरांच्या देखत. राग इतका आला होता की त्याच पावली स्टँडवर जाता आलं असतं. अट खोटी होती, मी मोकळी होते. पण घरी आले आणि चहा टाकला. चहा टाकताना मला कळून चुकलं की आता मी कधीच जाणार नाही. अण्णांची ती खरंच चूक असती, तर ती सुधारून एखादे वर्षी वेल फळला असता आणि मी गेले असते. त्यांनी हे मला घालवायचं नाही म्हणून केलं, आणि ते ऐकल्यावर कोणती मुलगी पाय उचलेल? बाईंना मी निरोप पाठवला, वेलाला फळ नाही लागलं. त्यांना वाटलं, माझं डोकं फिरलं.

त्यानंतर पाच दसरे आम्ही छाटणी केली. एक शब्द बोललो नाही त्यावर. ते "धर" म्हणायचे, मी धरायचे. 'खाली बघ' म्हणणं तेवढं बंद झालं.

अण्णा गेले ते भाद्रपदात. त्या खंडेनवमीला कात्री फडक्यातच होती. सुतकाचं घर, कोण पूजा करणार? वेलाकडे माझं लक्षच नव्हतं. दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी टाकीवरून काहीतरी धपकन पडलं. फळ होतं. वर बघितलं तर मांडव वाकला होता. आठ वर्षांचं राहिलेलं एकदम लागल्यासारखं लागलं होतं. मी गल्लीत वाटलं, तरी संपेना. हरभऱ्याची डाळ घालून भाजी केली आणि एकटीच्या ताटात वाढून घेतली. घास तोंडाशी नेला आणि मग आठवलं, की हे फळ ताटात आलं की गाडीत बसवून द्यायचं ठरलं होतं. मी जेवले. वाईट नव्हती भाजी.

दुसऱ्या दिवशी बाईंना फोन केला. त्या आता थकल्या होत्या, पण म्हणाल्या, "अगं, जागा तर दर दिवाळीला रिकामीच असते. ये तू."

तेव्हा मी छत्तिशीची होते. त्याच आठवड्यात मी पिशवी भरली, नामपूरहून आणली होती तीच, आणि कोंब फुटायला आलेलं एक चौचौ वर ठेवलं. स्टँडवर हरसूलची गाडी लागलेली होती. मी चढले. खिडकी मिळाली. माझ्या कानाशी म्हातारं माणूस खोकल्याचा भास झाला तेवढाच, बाकी काही नाही. ड्रायव्हर चढला, इंजिन सुरू झालं.

आणि मला आठवलं, टमाटे. अण्णा गेले तरी त्या वर्षी मी टमाटे लावले होते, दर वर्षी लावतात म्हणून. उशिराची रोपं होती, फळाने लदली होती, बांधणी करायची राहिली होती. आज बांधली नाहीत तर मोडतील. चौचौला कोणी लागलं नसतं. टमाट्याला माणूस लागतो.

मी उठले आणि माणसांतून वाट काढत दारापाशी आले. कंडक्टरने विचारलं, "काय झालं ताई? हरसूलचं म्हणाला होतात ना?"

"घरी टमाटे आहेत," मी म्हटलं आणि उतरले. त्याने दोरी ओढून घंटी दिली आणि दार लावून घेतलं.